बियाण्याचं माहेर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला गेलो. "बी बघायला एवढ्या लांब?" असं म्हणणारे आमचे 'हे' राहीबाई पोपेरे यांची बीज बँक पाहून गप्पच झाले. वाल, घेवडा, भात, सारं गावठी बी, राख लावून मडक्यांत जपलेलं! शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री मिळाली. बी न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत द्यायचं, हा इथला रिवाज.

मला आईचं वालाचं गाडगं आठवलं. ती गेल्यावर माळा आवरताना मीच ते रिकामं केलं. त्या चवीचा वाल पुन्हा मिळाला नाही. मैत्रिणींनो, माहेरी जाल तेव्हा साडीआधी बी मागा!