पाणी तोडायचे दिवस

"अजून किती दिवस चालणार हे?" हा प्रश्न माहेरी, सासरी आणि कॉलनीत मिळून इतक्यांदा विचारून झालाय, की एकदाचं उत्तर इथेच लिहून टाकते. अजून अठरा दिवस.

मावशीचा प्रश्न वेगळा होता. "बक्षीस किती मिळतं गं?" मावशी, बक्षीस काही नाही. पूर्ण केलं तर गळ्यात एक मेडल घालतात. आणि त्यासाठी पैसे आपणच भरायचे असतात. हे ऐकून मावशी जी गप्प झाली ती झालीच :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोव्यात 'आयर्नमॅन ७०.३' पहिल्यांदा २०१९ साली झाली. आधी मिरामारच्या समुद्रात १.९ किमी पोहायचं, मग ९० किमी सायकल, मग २१.१ किमी धावायचं. एकूण ११३ किमी, म्हणजे ७०.३ मैल, म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते. ती हवाईच्या ओआहू बेटावर १९७८ मध्ये सुरू झाली, तेव्हा पंधरा जण उतरले होते आणि बारा जणांनी पूर्ण केली. मला अर्धीच पुरे आहे. तिलाही साडेआठ तासांची मर्यादा आहे, आणि पोहणं एक तास दहा मिनिटांत झालं नाही तर सायकलला हातसुद्धा लावू देत नाहीत.

मागच्या आठवड्यात आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपचा पणजीत चार दिवसांचा कॅम्प झाला. राजाराम तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे पहिल्याच सकाळी कळलं. खाऱ्या पाण्यात अंग छान तरंगतं, पण श्वास घ्यायला तोंड वळवावं तर नेमकी तिकडूनच लाट येते. शिवाय तळाला रेघ नसते. दर सात-आठ हात मारले की डोकं वर काढून बोया कुठे आहे ते बघायचं, नाहीतर आपण मजेत भलतीकडे निघालेलो असतो. दुसऱ्या दिवशी ९० किमी सायकल. तिसऱ्या दिवशी सायकलवरून उतरून लगेच धावणं, ज्यात पहिले दोन किमी पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात. सरांनी तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करायला लावलं. माझं सव्वा किलो कमी भरलं. म्हणजे तासाला सव्वा लिटर घाम! त्या दमट हवेत नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठही लागतं. सायकलवर खायला मी खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे नेते. सहा महिने तेच खातेय, त्या दिवशीही तेच. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही करायचं नाही, हा नियम सरांनी आमच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतलाय.

तर हे सगळं जमलं. जमत नाहीये ते आत्ताचं. आत्ता टेपर सुरू आहे, म्हणजे व्यायाम मुद्दाम कमी करत नेणं. कॅम्पच्या आठवड्यात माझे तेरा तास झाले होते. या आठवड्यात नऊ, पुढच्या आठवड्यात सहा, आणि शेवटच्या आठवड्यात जेमतेम तीन. वेग कमी करायचा नाही, वेळ कमी करायचा. कारण सोपं आहे. शेवटच्या दोन आठवड्यांत नवी ताकद येत नाही. आलेली ताकद थकव्याखाली दडलेली असते, ती फक्त वर येऊ द्यायची. स्नायूंमधल्या बारीक दुखापती भरून येतात, ग्लायकोजेनचा साठा भरतो. त्याच्याबरोबर पाणीही साठतं, एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम. म्हणून वजन किलोभर वाढतं आणि अंग जड वाटतं. रोज नवीन काहीतरी दुखतं. परवा डावा घोटा, काल उजवा गुडघा, आज घसा. सगळ्यांचं असंच होतं म्हणे.

पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तास रिकामे झाले, की त्यात काय येऊन बसतं.

दादाला जाऊन या डिसेंबरात तीन वर्षं होतील. सत्तेचाळीस वर्षांचा होता. पहाटे छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी तपासण्या करून घेतल्या, तर तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण दारात उभा आहे. म्हणून चालायला लागले, मग पळायला, मग पोहायला शिकले. आता ती ५.६ आहे. सगळ्यांना मी ही गोष्ट अशीच सांगते, आकड्यांत. पहाटे साडेचारला उठायचं, दमायचं, ऑफिसला जायचं, रात्री नऊला आडवं व्हायचं. यात रडायला वेळच नव्हता, आणि तो नसणं मला सोयीचं होतं. आता पहाटे जाग येतेच, पण उठायचं कारण नसतं. मग दादा येतो. काही विशेष नाही, आपला चहात खारी बुडवत बसलेला असतो. नवरा कूस बदलतो आणि न विचारता हात धरून ठेवतो.

आबांचा या सगळ्याला पहिल्यापासून विरोध. मी स्ट्रेस टेस्ट आणि टू-डी इको दोन्ही करून घेतले, रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी हातही लावला नाही. म्हणाले, "कागदाचं काय सांगतीस? त्याचा बी कागद चांगलाच हुता." यावर मला उत्तर नाही. व्यायामानं धोका कमी होतो, संपत नाही, हे मलाही ठाऊक आहे. एवढंच कबूल केलंय की छातीत दुखलं, चक्कर आली, तर हात वर करायचा आणि थांबायचं. मेडल गेलं खड्ड्यात.

रविवारी गावी गेले होते. एरवी रविवारी मी सायकलवर असते, त्यामुळे आबांना आश्चर्य वाटलं. "आज गं कशी? सोडलंस का?" त्यांना टेपर कसा समजावून सांगायचा, ते मला कळेना. म्हटलं, आता शेवटचे दिवस कमी कमी करत न्यायचं असतं, म्हणजे आधी केलेलं अंगात मुरतं. ते थोडा वेळ बांधावरून उसाकडे बघत राहिले. आडसाली आहे, तोडीला आलाय.

"मग आमच्या उसागतच की," म्हणाले. "तोडीआधी पाणी तोडावं लागतंय. शेवटपातूर पाजत राहिलं तर वजन दिसतंय, पण उतारा मिळत न्हाई. पाणी तोडलं की साखर भरती."

मी बघतच राहिले. दोन वर्षांत माझ्या या उद्योगाबद्दल ते पहिल्यांदाच असं काही बोलले होते, की ज्यात 'नको' नव्हतं. वहिनी मागे उभी होती, तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत चहा टाकायला गेली.

"गोव्याला येणार का, आबा?"

"तोड कवा येती बघू."

हे हो नाही, पण नाहीही नाही.

उद्या वेळापत्रकात दीड तास सायकल आणि वीस मिनिटं धावणं एवढंच आहे. साडेसातला मी मोकळी होईन. उरलेल्या सकाळचं काय करायचं ते ठरवलेलं नाही. दादा आला तर येऊ दे, या वेळी मीही चहा घेऊन बसणार आहे.