हेडफोनमधली घूं घूं आणि तिसरी पिन

हेडफोन कानाला लावला की आवाजामागे एक बारीकशी 'घूं घूं' ऐकू येते, असा अनुभव अनेकांना आला असेल. बहुतेक जण आवाज वाढवून ती दाबून टाकतात, नाहीतर हेडफोनच खराब म्हणून दुकानदाराशी वाद घालतात. जबलपूरला, कांचघरात राहणाऱ्या माझ्या मावशीकडे मात्र या घूं घूंमुळे घरातला एक जुना धोका उघड झाला.

काका गन कॅरेज फॅक्टरीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी नातवासाठी कॅसेटवर गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. ते गेल्यावर माझ्या मावसभावाने त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या. मावशीला हल्ली कमी ऐकू येते, म्हणून लॅपटॉपला तळहाताएवढा हेडफोन अॅम्प्लिफायरही जोडून दिला. पण मावशीची तक्रार एकच, "तुझे काका बोलताहेत की पिठाची गिरणी चालली आहे, तेच कळत नाही गं!"

मी गोष्ट मध्येच थांबवून पाहिली. काकांचा आवाज थांबला, घूं घूं चालूच राहिली. म्हणजे दोष कॅसेटचा नव्हता, जोडणीचा होता. लॅपटॉप त्याच्या चार्जरवर होता आणि अॅम्प्लिफायर मोबाइलच्या चार्जरवर. त्यातला मोबाइलचा चार्जर काढला आणि कानात एकदम शांतता!

यात जादू काहीच नाही. आपल्या घरची वीज 230 व्होल्टची आणि सेकंदाला 50 आवर्तनांची असते. रेडिओसारख्या उपकरणांत खरखर होऊ नये म्हणून चार्जरच्या आत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून अगदी किंचित वीज सतत गळत असते. दोन यंत्रे दोन चार्जरवर असली आणि ती एकाच ऑडिओ वायरने जोडलेली असली, की ही गळती त्या वायरच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढते. आवाजाचा परतीचा रस्ताही तोच. मग काकांच्या गोष्टीत विजेचा सूर मिसळणारच. उपाय फुकटचा आहे. अॅम्प्लिफायर दिवसा चार्ज करून ठेवावा आणि ऐकताना बॅटरीवर चालवावा.

शेजारच्या एका हुशार मुलाने आणखी सोपा उपाय सुचवला होता. लॅपटॉपच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायची. अशाने कधीकधी घूं घूं थांबतेही, पण ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. हा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे तर गोष्ट इथेच संपायची. पण लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून हात फिरवला तर बोटांना झिणझिण्या येत होत्या. टेस्टर लावला, तर दिवा लागला! चार्जर तीन पिनांचा, मग असे का? अशा चार्जरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थकडे एकेक कपॅसिटर असतो. अर्थिंग ठीक असेल तर गळती जमिनीत जाते. अर्थिंगच नसेल, तर लॅपटॉपचे धातूचे अंग अर्ध्या दाबावर, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात.

मी मावशीला विचारले, "आणखी कुठे असं होतं का गं?"

"वॉशिंग मशीनला होतंच की. म्हणून तर मी तिथे रबरी चपला ठेवल्यात," ती सहजपणे म्हणाली.

मला घामच फुटला. मशीनच्या आत फेजची वायर सोलवटून पत्र्याला टेकली असती, तर अर्थिंगशिवाय फ्यूजही उडाला नसता. पूर्ण 230 व्होल्टचा पत्रा ओल्या हाताची वाट पाहत राहिला असता.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला. बल्ब लागलाच नाही. प्रत्येक बोर्डात हिरवी वायर व्यवस्थित होती, पण मीटरपाशी तिचे टोक मोकळे लोंबत होते. पूर्वी कधीतरी अंगणात फरशी घालताना अर्थिंगचा खड्डाच बुजवला गेला होता. मग नवा खड्डा, लोखंडी पाइप, कोळसा, मीठ असे सगळे झाले. शिवाय 30 मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घेतले. त्यावरचे 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून पाहायचे आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचे, ही कामे मावशीने आपल्याकडे घेतली.

एका कॅसेटमध्ये मात्र घूं घूं मुळातच भरली गेली आहे. बहुधा काकांच्या जुन्या टेपरेकॉर्डरची असावी. संगणकावर 50 आवर्तनांचा आणि त्याच्या पटीतला सूर गाळता येतो, म्हणून मी करून पाहिले. घूं घूं कमी झाली, पण काकांचा खर्जातला आवाजही पातळ झाला.

मावशीने दोन्ही ऐकले आणि म्हणाली, "पहिलंच राहू दे."