साखळीतला गडी

कबड्डीत बचावपटूची किंमत गुणफलकावरून कळत नाही. चढाईपटू एका चढाईत दोन-तीन गडी टिपू शकतो. पकडीला सहसा एकच गुण, तीन किंवा कमी गडी असताना साधलेल्या अव्वल पकडीला दोन. शहापूर-मुरबाडच्या मातीवरही टाळ्या चढाईलाच जास्त. कल्याणचा गिरीश एर्नाक डाव्या कोपऱ्यातून नावारूपाला आला, पण कोपरारक्षक निदान दिसतो तरी. त्याचा हात धरून साखळी राखणारा मध्यरक्षक ३० सेकंद नुसता सरकत राहतो, वाट अडवतो, आणि नोंदवहीत कोराच राहतो. घाईने झेपावला तर स्वतः बाद, वर समोरच्याला गुण. म्हणून हात आवरणे हेही कसबच. न गेलेले गुण मोजायचे कसे, यावर जाणकारांचे अजून जुळत नाही.