डोलकाठीवरची गर्दी

माझगाव डॉकने बांधलेल्या 'निलगिरी' नावाच्या दोन युद्धनौकांची छायाचित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघावीत. पहिली १९७२ साली नौदलात आली, ब्रिटिशांच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर बांधलेली. तिच्या डोलकाठीवर नुसती दाटी: आडव्या दांड्या, उभ्या काठ्या, ताणलेल्या तारा, फिरती रडारं. दुसरी १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत दाखल झाली. तिच्यावर कलत्या भिंतींचा बंदिस्त मनोरा आहे आणि त्याच्या चार अंगांना रडारचे सपाट चौकोन. बघणाऱ्याला वाटतं, अँटेना कमी झाल्या. कामं मात्र वाढली आहेत. १९७२ साली आपल्या नौदलाचा स्वतःचा उपग्रह नव्हता. 'रुक्मिणी' या नावाने ओळखला जाणारा जीसॅट-७ अवकाशात गेला ऑगस्ट २०१३ मध्ये. आज जहाज उपग्रहाशी बोलतं, विमानाशी बोलतं, बरोबरच्या जहाजांना आपल्या रडारवर दिसणारं चित्र पाठवतं आणि बंदरात शिरताना साध्या मच्छीमार बोटीच्या हाकेलाही उत्तर देतं.

मी कामोठ्यात राहतो. मानसरोवरला हार्बर लाइनची गाडी पकडायची आणि डॉकयार्ड रोडला उतरायचं, असा माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. जहाजांवरच्या संदेशवहनाच्या अँटेना हे माझं काम. कोणत्या जहाजावर काय बसवलं ते सांगायचं नसतं, आणि मी सांगणारही नाही. पण या कामाचं मर्म पाठ्यपुस्तकातल्या भौतिकशास्त्रातच आहे आणि ते सर्वांचं आहे.

सुरुवात लांबीपासून करावी लागते. दूर पल्ल्याचं जुनं, भरवशाचं संदेशवहन चालतं एचएफवर, म्हणजे २ ते ३० मेगाहर्ट्झवर. २ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी १५० मीटर. नव्या निलगिरीची लांबी १४९ मीटर. म्हणजे या टोकाला आपण जी काठी उभी करतो ती एकटी अँटेना नसतेच. प्रवाह सगळ्या पोलादी सांगाड्यात खेळतो, कठड्यांत, क्रेनमध्ये, शेजारच्या काठीत. एचएफवर मोठ्या ताकदीने प्रक्षेपण चालू असताना क्रेनच्या हुकाला हात लावला तर बोट भाजतं, ते यामुळेच. जहाजाची बंदरातली व्हीएचएफ हाक १५६.८ मेगाहर्ट्झवर, तिची लहर १.९ मीटर. विमानांशी बोलायचा लष्करी पट्टा २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ, तिथे लहर मीटरभर. उपग्रहाच्या वरच्या पट्ट्यांत ती काही सेंटिमीटरवर येते. एवढ्या भिन्न मापांच्या लहरींना उंच, मोकळी, चहूकडे नजर जाणारी जागा हवी असते, आणि जहाजावर तशी जागा एकच: डोलकाठीचा माथा.

मग अँटेना सामायिक करा, असं कुणीही म्हणेल. कामोठ्यात मान वर केली तर इमारतींच्या गच्च्यांवर हेच दिसतं. एकेका उभ्या पांढऱ्या पेटीत ९००, १८००, २१०० मेगाहर्ट्झचे पट्टे एकत्र बसवलेले असतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तबकडी एकच, पण तिच्या केंद्राशी वेगवेगळ्या पट्ट्यांचे फीड फिरवून समोर आणता येतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खूप वेळ तिथून हललो नव्हतो. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटकसरीतून उभं केलेलं ते काम आजही माझ्या लेखी या देशातल्या अँटेनाविद्येचं शिखर आहे. पण खोडदच्या तबकड्या फक्त ऐकतात. जहाजाला ऐकायचंही असतं आणि त्याच क्षणी, त्याच काठीवरून, ओरडायचंही असतं.

ओरडण्याचं आणि ऐकण्याचं हे प्रमाण आकड्यांत बघावं. जहाजाचा ट्रान्समीटर १०० वॅट बाहेर टाकतो. दुरून आलेला संदेश कधीकधी एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या हिश्श्याइतका असतो. दोन्हींचं गुणोत्तर मांडलं तर एकावर पंधरा शून्यं. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि रस्त्यापलीकडच्या गच्चीवरची कुजबुज टिपायची, त्यातला प्रकार. ३०० मेगाहर्ट्झवरच्या दोन अँटेना दोन मीटर अंतरावर ठेवल्या तर एकीची ताकद दुसरीपर्यंत पोचते ती सुमारे सहाशेव्या भागाइतकी. अंतर दुप्पट केलं की चौथाई. आणखी दुप्पट करायला जहाजावर जागा उरत नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते ते ४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात दिसलं. ब्रिटिश विनाशिका 'शेफिल्ड' उपग्रहावरून संदेश पाठवत होती आणि त्या प्रक्षेपणामुळे शत्रूच्या रडारची चाहूल घेणारी तिची स्वतःचीच यंत्रणा झाकोळली गेली होती. अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र येऊन आदळलं, २० माणसं गेली. कारणं आणखीही होती, पण आमच्या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे आधी सांगतो. तोंड आणि कान एकाच काठीवर बांधताना कोणत्या जबाबदारीला हात घालतोय ते त्याला कळलं पाहिजे.

तर चार रेडिओ एका अँटेनावर आणायचे कसे? सोपा मार्ग म्हणजे साधा कंबायनर. तो कोणत्याही फ्रीक्वेन्सीला चालतो, काही लावावं-जुळवावं लागत नाही, पण चारांना एकत्र करताना प्रत्येकाच्या ताकदीचा चौथा हिस्साच अँटेनापर्यंत पोचतो. उरलेली उष्णता होऊन जाते. दुसरा मार्ग कॅव्हिटी फिल्टरांचा. प्रत्येक रेडिओच्या वाटेत धातूची एक पोकळ डबी, आतल्या दांड्याची खोली बदलून नेमक्या फ्रीक्वेन्सीला लावलेली. आपल्या रेडिओला वाट द्यायची, बाकीच्यांना अडवायचं. यात ताकद वाचते. पण चौघांना आपापसांत ठरावीक अंतर राखून फ्रीक्वेन्सी घ्याव्या लागतात, आणि आजचे लष्करी रेडिओ कुणाला सापडू नये म्हणून सेकंदात अनेकदा फ्रीक्वेन्सी बदलत राहतात. धातूचा दांडा तेवढ्या चपळाईने हलत नाही. मग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बदलणारे फिल्टर आले; ते चपळ, पण जास्त ताकदीला बिचकतात आणि स्वतःच भेसळ करू लागतात. उड्या मारणाऱ्या रेडिओला सामायिक अँटेनावर कसं नांदवायचं, या एका प्रश्नावर माझी सर्वांत चांगली वर्षं गेली, आणि ती सार्थकी लागली असं मला मनापासून वाटतं.

भेसळ म्हणजे काय ते एका जहाजावर शिकायला मिळालं. एक रेडिओ २५० वर आणि दुसरा २६० मेगाहर्ट्झवर बोलत असेल तर २४० आणि २७० वर, कुणीही बोलत नसताना, आवाज उमटतो. दोन फ्रीक्वेन्सींतल्या फरकाचं गणित आहे ते. रेडिओतलं निस्तरता येतं, फिल्टर लावता येतो. पण हा आवाज फिल्टरनंतरही तसाच होता. अशा वेळी संशय धातूच्या सांध्यांवर जातो: गंजलेला बोल्ट, सैल पत्रा, एकमेकांना धड न चिकटलेले आणि धड न सुटलेले दोन तुकडे. असा सांधा खराब डायोडसारखा वागतो आणि पडलेल्या लहरींची भेसळ करून परत फेकतो. एक तरुण इंजिनिअर खाली स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरपाशी बसला, आणि गोदीतले एक वयस्क फिटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, लाकडी हातोडी घेऊन डेकवर एकेका वस्तूवर टकटक करत निघाले. कठडा, शिडी, दिव्याची दांडी, ध्वजाच्या दोरीची कडी. खालून आवाज यायचा, "काही नाही." कठड्याच्या उघडत्या भागाला लावलेल्या साखळीपाशी मामा थांबले. हातोडी न मारताच त्यांनी साखळी नुसती उचलून धरली. खालून ओरड आली, "गेला! आवाज गेला!" मामा म्हणाले, "साहेब, हिच्या कड्या आतून खाल्ल्यात. वरून रंग आहे म्हणून दिसत नाही." त्या जागी जाड नायलॉनची दोरी आली आणि प्रश्न मिटला. लाखो रुपयांचं उपकरण आणि साखळीच्या वजनावरून गंज ओळखणारा हात, दोन्ही लागले.

रंगाचीही एक वेगळी कथा आहे. जहाजावर रंगकाम सतत चालू असतं आणि नव्या मुलाला ब्रश दिला की तो समोर येईल ते रंगवतो. धातूची पूड असलेला रंग अँटेना झाकणाऱ्या रेडोमवर किंवा इन्सुलेटरवर बसला की अँटेना मुकी होते. म्हणून 'रंग लावू नका' ही अक्षरं आमच्या कितीतरी आराखड्यांवर असतात.

अँटेनांची एकावर एक रचना करणं हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. उभी द्विध्रुव अँटेना आपल्या माथ्याच्या आणि पायाच्या दिशेला जवळपास काहीच फेकत नाही. म्हणून दोन अँटेना शेजारी ठेवण्याऐवजी एकाच उभ्या अक्षावर खालीवर ठेवल्या तर त्या एकमेकींना फार कमी त्रास देतात, आणि सगळ्यांना चहूकडची मोकळी नजर मिळते. अडचण केबलची. वरच्या मजल्याची केबल खालच्या अँटेनाच्या पोटातून जाते आणि खालच्या अँटेनाचा प्रवाह तिच्या बाहेरच्या अंगावर चढतो. त्याला अडवायचे चोक, मधल्या नळीचा व्यास, शंकूंचे कोन, हे सगळं मिलिमीटरच्या हिशेबाने जुळवावं लागतं. जपानच्या मोगामी वर्गाच्या फ्रिगेटवर असा एक मनोरा आहे, युनिकॉर्न नावाचा: संदेशवहनाच्या अनेक अँटेना एकावर एक रचून एका निमुळत्या रेडोमखाली झाकलेल्या. बाहेर उघड्या दांड्या नसल्याने शत्रूच्या रडारला परत जाणारा प्रतिध्वनीही कमी होतो. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टोकियोत भारत आणि जपान यांच्यात हा मनोरा आपल्या नौदलासाठी मिळून विकसित करण्याचा करार झाला. इकडचं काम भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे.

करार वाचला तेव्हा आनंद झाला. या विद्येचा पाया आपल्याकडे आहे. आयआयटी मुंबईचे गिरीश कुमार आणि 'समीर' या संस्थेतले के. पी. रे यांचं रुंद पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक २००३ साली आलं, आणि माझ्या टेबलावरची त्याची प्रत कडांना काळी पडली आहे. 'समीर'चं एक केंद्र इथे शेजारी खारघरलाच आहे. माणसं आहेत, प्रयोगशाळा आहेत. आराखडे मिळतील, साचेही मिळतील. आपल्याला कमावून घ्यावी लागेल ती मोजणी.

आणि एका बाबतीत मी हट्टी आहे. सगळंच एका मनोऱ्यात भरू नये. एचएफला तिथे आणायचा मोह सोडून द्यावा. १५० मीटरची लहर रेडोममध्ये बसत नाही, तिच्या काठ्या बाहेर, आपल्या जागी राहू द्याव्यात. शिवाय एका फटक्यात मनोरा गेला तर जहाज मुकं होईल अशी रचना युद्धनौकेवर असू नये. जहाजाच्या मागच्या अंगाला, मुख्य डोलकाठीपासून दूर, एक साधी रुंद पट्ट्याची अँटेना आणि तिचा स्वतंत्र रेडिओ ठेवावा. प्रतिध्वनी थोडा वाढेल, दिसायला बेढब दिसेल, तरी ठेवावा. याच्या विरुद्ध बोलणारे हुशार लोक मला भेटले आहेत. त्यांचे आकडे बरोबर असतात, पण ते आकडे धडधाकट जहाजाचे असतात.

मोजणीचं सांगायचं ते हे, की कोरड्या, शांत चेंबरमध्ये एकेक अँटेना मोजून भागत नाही. जुलैमध्ये मोजा. कामोठ्याच्या गच्चीवरून तेव्हा समोरची इमारतसुद्धा धड दिसत नाही, इतका पाऊस असतो; समुद्रावर त्यात मीठ मिसळतं. रेडोमवर पाण्याचा पातळ थर बसला की उपग्रहाच्या वरच्या पट्ट्यांचा संदेश मंदावतो, मिठाने इन्सुलेटरवरून प्रवाह गळू लागतो, सांधे हळूहळू गंजू लागतात. अशा दिवशी जहाज अरबी समुद्रात न्यावं, सगळे रेडिओ एकदम चालू करावेत, आणि कोण बोलताना कुणाचा कान बसतो याचा तक्ता जोडी-जोडीने भरावा. दरवर्षी पावसाळ्यानंतर तो पुन्हा भरावा, कारण जहाजावर दरवर्षी काहीतरी नवं जोडलं जातं आणि जुनं गंजतं. त्या तक्त्याची एक प्रत कचेरीच्या कपाटात राहू दे. दुसरी जहाजावर, रेडिओ लावणाऱ्या माणसाच्या हाताशी हवी.