मॉडेलला जाब विचारणारा खडक

अमळनेरहून धुळ्याकडे निघालं की बोरीकाठची सपाट काळी जमीन हळूहळू मागे पडते. पुढे साक्री-नंदुरबारच्या वाटेवर माळरानातून काळ्या दगडाचे लांबलचक दांड उठलेले दिसतात. हे डाईक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर येताना पृथ्वीच्या कवचाला भेगा पडल्या आणि तो त्यांत थिजला. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २००७ साली या भागातले २१० डाईक मांडले. सर्वांत लांब ७९ किलोमीटरचा.

डाईकवर मी आधी कडा शोधतो. तिथला दगड झटकन थंडावलेला, म्हणून भिंगातूनही कण सुटे दिसत नाहीत; मधोमध मात्र ते चांगले वाढलेले असतात. थंडावताना तडकून झालेले दगडी खांब आडवे, सरपण रचल्यासारखे. जाडी मोजायची फीत डाईकला काटकोनातच ताणायची. तिरकी धरली की जाडी फुगते आणि पुढचं गणित बिघडतं. डाईकची जाडी जेवढी, तेवढं कवच तिथे फाकलेलं. बहुतेक डाईक साधारण पूर्व-पश्चिम, म्हणजे तेव्हा ओढ उत्तर-दक्षिण होती.

आज त्याच दिशेने दाब आहे. भारतीय प्लेट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते आणि हिमालयाशी अडते. ताणाच्या काळातले भ्रंश, म्हणजे कवच तुटून सरकलेल्या जागा, आता आवळले जातात. १४ मार्च १९३८ चा सातपुड्यातला भूकंप आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा, दोन्ही याच नर्मदा-तापी पट्ट्यातले. जबलपूरचा तर सुमारे ३५ किलोमीटर खोल. एवढ्या खोलीवर खडक सहसा तापून मऊ पडतो, तुटत नाही.

मग तिथे तो का तुटला हे तपासायला संगणकावरचं मॉडेल लागतं. कवचाचा उभा छेद हजारो तुकड्यांत वाटायचा, प्रत्येकाला घनता, ताठरपणा, तापमान द्यायचं आणि कडेने दाबायचं. खालचं कवच मऊ धरलं की ताण तिथे साठतच नाही; जड, ताठर खडकाचं धरलं की साठतो. पण भ्रंशाचा उतार जरा बदलून ताठरपणा कमी केला, तरी वरची जमीन तशीच उचलली जाते. पडद्यावर दोन्ही उत्तरं बरोबर दिसतात.

निवाडा बाहेर होतो. अडावदजवळ उनपदेवला, सातपुड्याच्या पायथ्याशी, गरम पाणी वर येतं. त्याला खोल जाऊन परतायला वाट असलीच पाहिजे. ज्या मॉडेलमध्ये तिथली प्रत्येक भेग मिटते, ते कितीही देखणं असलं तरी मी बाजूला ठेवतो.

म्हणून शिकायला येणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: मॉडेल चालवण्याआधी वहीत लिहा, हे खरं असेल तर कुठल्या नाल्यात काय दिसायला हवं. मग तो नाला चालून या.