रोल धुवायचा राहिला

आमच्या घरात भिंतीवर बाबांचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांच्या अंगात कोट आहे. बाबांनी आयुष्यात कधी कोट घातला नाही. २०१३ मध्ये ते गेले तेव्हा तेराव्याच्या आत फोटो हवा म्हणून काकांनी बाबांचं ऑफिसचं ओळखपत्र स्टुडिओत नेलं. स्टुडिओवाल्याने त्यावरचा चेहरा मोठा केला, मागे आकाशी रंग भरला आणि गळ्याखाली कोट-टाय चढवला. फ्रेम घरी आली तेव्हा आई तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे कोण सायेब?"

घरात फोटोच नव्हते असं नाही. चांगले पाच अल्बम होते. पण फोटो काढणारे बाबाच, त्यामुळे ते स्वतः कुठेच नव्हते. असलेच तर कुणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत, अर्धं तोंड. त्या दिवसांत आईला वाडीचा फोटो आठवला.

सांगलीकरांची वाडी म्हणजे नरसोबाची वाडी. २००३ मध्ये आम्ही तिघं तिथे गेलो होतो. मी सात वर्षांची. घाटावर बाबांनी मला खांद्यावर घेतलं आणि कॅमेरा आईच्या हातात दिला. आईने आयुष्यात काढलेला तो पहिला फोटो. आकडा २९. त्यानंतर बाबांनी एक देवळाचा काढला, एक नावेचा, आणि ३१ वर कॅमेरा अडकला. रोल पुढे सरकवायचं चाक फिरेना. बाबांनी जोर लावला, आतून कट् असा आवाज आला आणि चाक मोकळंच फिरायला लागलं.

ज्यांनी पहिला फोटो मोबाइलवर काढला त्यांना सांगायला हवं, तेव्हा एक रोल ३६ फोटोंचा असायचा आणि आमच्यासारख्या घरात तो वर्षभर पुरवायचा. दिवाळीत भरलेला रोल पुढच्या गणपतीपर्यंत चालायचा. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा बाबांचा नियम. पाच फोटो शिल्लक असताना रोल काढणं म्हणजे पैसे वाया. स्टुडिओवाले म्हणाले, कॅमेरा ठेवून जा, अंधाऱ्या खोलीत उघडावा लागेल. बाबा म्हणाले, पुढच्या महिन्यात आणतो. मग घरात कॅमेऱ्याचा मोबाइल आला. पुढचा महिना काही आला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. इर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर खालच्या मजल्यावर. पाणी उतरल्यावर आत गेलो तर कपाट आडवं पडलेलं आणि त्यात पाचही अल्बम. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि वाळताना समोरच्या पानाला चिकटतो. आई एकेक पान सोडवायला गेली तशी माणसं पानांवरून निघून येऊ लागली. माझं बारसं एका पानावर अर्धं, दुसऱ्यावर अर्धं. शेवटी तिने सगळे अल्बम गादी-उशांसोबत डंपरमध्ये टाकले. पाणी माळ्याच्या चार बोटं खाली थांबलं होतं. माळ्यावर पत्र्याची पेटी होती आणि पेटीत तो अडकलेला कॅमेरा.

आता आमच्या घराचं जुनं जे काही उरलं होतं ते त्या डब्यात होतं. तरी त्याला हात लावायला मला पाच वर्षं लागली. मी विषय काढला की आई म्हणायची, "राहू दे की. काय आलंय त्यात आणि." मीही फार रेटायचे नाही. माझं एक कारण होतं.

मागच्या वर्षी पुण्यात एका मैत्रिणीच्या ओळखीतून एक मुलगा भेटला. माझ्याच वयाचा, नोकरी आयटीत, आणि शनिवार-रविवार घरच्या बाथरूममध्ये लोकांचे रोल धुतो. कॅमेरा हातात घेऊन त्याने आधी मागची खिटी चिकटपट्टीने बंद केली.

"यात गंमत अशी आहे," तो म्हणाला, "की काढलेले फोटो डबीच्या बाहेर असतात." फोटो काढत जाल तशी फिल्म डबीतून निघून पलीकडच्या चकरीवर गुंडाळली जाते. सगळे झाले की ती उलटी फिरवून डबीत परत न्यायची. आमच्या फिल्मची कडेची छिद्रं फाटली असणार, म्हणून चाक रिकामं फिरत होतं. म्हणजे एकतीसच्या एकतीस फोटो उघड्यावर, मधे फक्त कॅमेऱ्याचं झाकण.

मी विचारलं, इतक्या वर्षांनी काही येईल का? त्याने मला आंद्रेची गोष्ट सांगितली. १८९७ मध्ये तीन स्वीडिश माणसं बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाली आणि बेपत्ता झाली. १९३० मध्ये एका बर्फाळ बेटावर त्यांचा शेवटचा तळ सापडला, सोबत कॅमेरा आणि फिल्म. ३३ वर्षांनी त्या धुतल्या आणि २४० पैकी ९३ फोटो वाचवता आले.

"पण ते बर्फात होते," तो हसला. "तुझा सांगलीच्या माळ्यावर होता."

उष्णता आणि दमट हवा फिल्म आतूनच हळूहळू काळवंडवतात. रंग तर सगळ्यात आधी बिघडतात. म्हणून तो म्हणाला, रंगीत फिल्म असली तरी कृष्णधवलच्या रसायनात धुवू. रंग जातील, पण खाली चांदीचं चित्र असेल ते मिळेल. रंगीत फिल्मसुद्धा मुळात चांदीच्या क्षारांवर चालते हे मला तेव्हा कळलं. उजेड पडला तिथे चांदी, रंग त्याच्या मागून.

त्याने कॅमेरा, कात्री आणि धुवायची टाकी एका काळ्या दुहेरी पिशवीत घातली, चेन लावली आणि दोन बाह्यांतून हात आत सरकवले. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा इथे चालत नाही, अशी फिल्म लाल उजेडही पकडते. तो डोळे मिटूनच बोलत होता. "झाकण उघडलं... छिद्रं फाटलीत... कडक झालीय, पण चिकटलेली नाही." मग थांबून, "शेवटच्या फोटोंत काय आहे?"

"देऊळ आणि नाव."

"ते गेले तर चालतील? चार इंच कापून आधी तेवढंच धुऊन बघतो, म्हणजे बाकीच्याला किती वेळ द्यायचा ते कळेल."

मी हो म्हणाले. अर्ध्या तासाने त्याने तो तुकडा दिव्यासमोर धरला. पूर्ण काळा. निगेटिव्हवर काळं म्हणजे उजेड. जिथे सगळं काळं तिथे इतका उजेड शिरला की चित्राला जागाच उरली नाही.

"हा कॅमेरा कधी कुणी उघडला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग फिल्म वयाने पार गेलीय. वेळ बराच कमी करतो, रसायनही गार करतो. फिकट येईल, पण दुसरा इलाज नाही."

तो बाटल्या काढायला लागला. माझ्या लक्षात आलं की माझ्या एका 'नाही'वर तो उरलेली फिल्म धुणार आहे. खोट्यावर बेतलेला वेळ दिला असता तर आतलं चांगलंही फिकट पडून गेलं असतं. एकदा धुतलेला रोल पुन्हा पहिल्यासारखा धुता येत नाही.

"उघडला होता," मी म्हणाले. "मी."

बाबा गेले त्या आठवड्यात, कोटाची फ्रेम आली त्याच दुपारी. मी सतरा वर्षांची होते. आईने वाडीच्या फोटोचं सांगितलं, मी माळ्यावर चढले, कॅमेरा काढला आणि खिडकीपाशी उभी राहून झाकण उघडलं. मला वाटलं होतं फिल्मवर चित्रं दिसतील, बाबा दिसतील. एक चकचकीत तपकिरी पट्टी होती, कोरी. दोन सेकंद, फार तर तीन. काहीतरी चुकलं एवढं कळलं आणि मी झाकण दाबून बंद केलं. कॅमेरा पेटीत परत ठेवला. कुणालाच बोलले नाही. आम्ही मोबाइलवर फोटो काढून लगेच बघणारी पोरं. बघितल्याने फोटो जाऊ शकतो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

तो रागावला नाही. उलट त्याचा चेहरा खुलला. "मग चांगलंय. उजेड बाहेरच्या वेढ्यांवर पडला. शेवटी काढलेले फोटो सगळ्यात बाहेर, पहिले सगळ्यात आत. आतले वाचले असतील." त्याने वेळ फारसा कमी केला नाही.

फिल्म बाथरूमच्या दोरीवर चिमटे लावून टांगली, शेजारी त्याचं बनियन. धुणं वाळत घालतात तशीच. २९ नंबर काळा होता. २३ पर्यंत सगळे काळे. त्याच्या आत हळूहळू कडा उजळत गेल्या आणि माणसं दिसायला लागली. शेवटी चौदा फोटो ओळखता येण्याजोगे निघाले.

मी ते छापून सांगलीला नेले. आई चष्मा लावून खाटेवर बसली. दिवाळीचा किल्ला, चिखलात बसलेली मी. दारात आजी. हरिपूरचा संगम. गच्चीवर कुरडया घालणारी आई, एक हात पुढे करून "माझा नको" म्हणणारी. चुलीपुढे आई. आरशात बघणारी आई, तिला कळायच्या आत काढलेला. चौदातल्या नऊ फोटोंत ती होती.

"माझेच किती काढलेत गं," ती म्हणाली. "सांगायचे रोल महाग आहे म्हणून."

सगळे बघून झाल्यावर तिने विचारलं, "वाडीचा?"

मी सांगितलं. खिडकी, झाकण, दोन सेकंद, सगळं. आई बराच वेळ काही बोलली नाही. कुरडयांचा फोटो हातात तसाच होता.

"मला वाटायचं मीच नीट दाबलं नसणार," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणायचे राहू दे. धुतला आणि कोराच निघाला तर? आयुष्यात एक फोटो काढायला दिला त्यांनी."

म्हणजे अकरा वर्षं आम्ही दोघी एकाच कॅमेऱ्याला घाबरून होतो.

मी तिला काळी पट्टी दाखवली. तिने ती ट्यूबलाइटसमोर धरून मागूनपुढून बघितली. "ह्यात आहोत म्हणायचं आपण तिघं?"

"तू कशी असशील? तू काढत होतीस."

"हां, ते बी खरं." पट्टी तिने पाकिटात परत घातली आणि कुरडयांचा फोटो पुन्हा उचलला. तिच्या हाताआडून अर्धा चेहरा दिसत होता, रागावलेला आणि हसणारा. तो तिने कोटाच्या फ्रेमच्या कोपऱ्यात खोचला.

"जिवंत माणसाचा फोटो तिथे लावत नाहीत," मी म्हणाले.

"माझा कुठाय तो," आई म्हणाली. "मी बघतेय कुणाकडं ते बघ की."