आम्हाला १९५१ चा जॅकी रॉबिन्सन हवा

आंबेडकरी चळवळीतला माणूस आणि बेसबॉलचा चाहता? मित्र हसतात. आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी खेळत नाही, नियम डोक्यावरून जातात, हे खरं. पण जॅकी रॉबिन्सनमुळे मी या खेळात शिरलो तो कायमचा. ३० सप्टेंबर १९५१ च्या सामन्याचा तपशील कितीही वेळा वाचला तरी माझी छाती धडधडते.

आपल्याला रॉबिन्सन सांगितला जातो तो १९४७ चा. त्या वर्षी १५ एप्रिलला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली काळ्या खेळाडूंवरची सुमारे साठ वर्षांची अलिखित बंदी मोडली. संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला बजावलं होतं : शिवी आली तरी उलटून बोलायचं नाही. फिलाडेल्फिया फिलीजचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याच्या खेळाडूंनी वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार केला. रॉबिन्सनने तो गिळला. हा सोशिक रॉबिन्सन सगळ्यांना आवडतो. आपल्याकडच्या वर्चस्ववाद्यांनाही गुणी पण गप्प दलितच आवडतो. कॉलेजात एक प्राध्यापक मला म्हणाले होते, "हुशार आहेस रे, पण बोलतोस फार."

१९५१ चा रॉबिन्सन बोलत होता. पंचांशी वाद घालत होता, प्रतिस्पर्ध्याला तोंडावर सुनावत होता. लगेच तो उद्धट ठरू लागला.

त्या मोसमात ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क जायंट्स डॉजर्सपेक्षा तब्बल साडेतेरा सामने मागे होते. शेवटच्या दिवशी मात्र दोघे बरोबरीत आले. जायंट्स बोस्टनमध्ये जिंकून मोकळे झाले. डॉजर्स फिलाडेल्फियात हरले असते तर नॅशनल लीगचं विजेतेपद, म्हणजे पेनंट, तिथेच गेलं असतं. आणि ते १-६ असे मागे होते!

तिथून त्यांनी ८-८ अशी बरोबरी गाठली. नऊ डाव संपले, सामना लांबला. बाराव्या डावात फिलीजचे तिन्ही बेस भरलेले, दोन गडी बाद. वेटकसने जोरदार फटका मारला. रॉबिन्सनने आडवी झेप घेऊन चेंडू पकडला आणि जमिनीवर आदळून तसाच पडून राहिला. तोच रॉबिन्सन चौदाव्या डावात उभा राहिला आणि रॉबिन रॉबर्ट्ससारख्या गोलंदाजाला त्याने होम रन ठोकला. डॉजर्स ९-८ ने जिंकले, तेही त्याच फिलीजविरुद्ध! या संघाने पहिला काळा खेळाडू मैदानात उतरवला तो थेट १९५७ साली. दार बंद ठेवायचं आणि आतून 'मेरिट'वर प्रवचन द्यायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

तीनच दिवसांनी, निर्णायक लढतीत, बॉबी थॉमसनच्या होम रनने पेनंट जायंट्सने नेलं. जायंट्स त्या मोसमात घरच्या मैदानावर दुर्बिणीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होते, हे २००१ साली जगासमोर आलं. मग रॉबिन्सनच्या त्या झेपेचा उपयोग काय, असं कुणी विचारेल.

त्याच आठवड्यात, २७ सप्टेंबर १९५१ ला, बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल गुंडाळलं जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण. तारखा जवळ येणं हा योगायोग. पण वागणूक योगायोगाची नव्हती. संविधान लिहून दिलं तोवर कौतुक, स्त्रियांच्या हक्कांचा आग्रह धरला की विरोध. आमची बुद्धी चालते, आमचा आवाज चालत नाही.

१९५५ साली डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, रॉबिन्सन त्या संघात होता. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला, पुढच्या वर्षी वारसा कायदा. १९५१ मध्ये हरलेले लोक खोटे ठरले नाहीत.

म्हणून मित्रांनो, कुणी सहनशीलतेचा आदर्श म्हणून रॉबिन्सनचं नाव घेतलं तर त्याला विचारा : कोणत्या वर्षाचा?

जय भीम!